विश्लेषण : मद्यपी चालकांना दंड सारखाच, मग उपचार वेगवेगळे का हवेत?

दारू पिऊन वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांचा दंड होतो, हे आता गावोगावी माहीत झाले आहे. मात्र पकडलेला माणूस किती पितो, त्याला समज पुरेल की दवाखाना लागेल, हा प्रश्न त्या साऱ्या प्रक्रियेत कुठेच विचारला जात नाही. उपचाराच्या पायऱ्या कोणत्या, त्या कोणासाठी आणि नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्यात त्यांपैकी हाताशी किती, याचा हा आढावा.

नांदगाव खंडेश्वर अमरावती-यवतमाळ रस्त्यावर आहे. समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून गेला आहे. कापूस, सोयाबीन, तुरीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली, मालवाहू ऑटो आणि एकावर तिघे बसलेल्या दुचाकी एकाच रस्त्यावरून धावतात. अशा रस्त्यावर रात्री नाकाबंदी लागली आणि दोन चालक सापडले, असे उदाहरणादाखल धरता येईल. पहिला धानोरा गुरवचा २४ वर्षांचा तरुण, मित्राच्या लग्नातून परतणारा. यंत्रावर त्याचा आकडा येतो ५२. दुसरा ४६ वर्षांचा, मंगरूळ चव्हाळ्याकडे ट्रॅक्टर घेऊन निघालेला. त्याचा आकडा १९०, पण चाल सरळ आणि बोलणे स्वच्छ. तरुण घाबरून हात जोडतो. ट्रॅक्टरवाला शांतपणे सांगतो, ‘मले काही होत नाही साहेब, रोजचंच हाये.’ कायद्याच्या दृष्टीने दोघांचा गुन्हा एकच. डॉक्टरच्या दृष्टीने मात्र ही दोन अगदी वेगळी माणसे आहेत.

कायदा नेमके काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहनावर नीट ताबा ठेवता येत नसेल, तर तोही याच कलमात येतो. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी दंडाची मर्यादा अनुक्रमे दोन आणि तीन हजार होती. हा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही. प्रकरण न्यायालयात जावे लागते. ट्रॅक्टरही मोटार वाहनच आहे, हे वेगळे सांगायला हवे, कारण ‘शेताचं वाहन हाये’ हा युक्तिवाद नाकाबंदीवर हमखास ऐकू येतो.

दंडाखेरीज परवान्यावरही कारवाई होऊ शकते. पोलिसांनी परवाना जप्त करून परिवहन कार्यालयाकडे पाठवला, तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता आणि पुढच्या गुन्ह्याला परवाना रद्द, अशी तरतूद आहे. मुदत संपल्यावर परवाना परत मिळण्यासाठी चालकाला उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. या प्रशिक्षणाचा विषय वाहन चालवणे हा आहे, दारू नव्हे. ज्याला वाहन उत्तम चालवता येते पण दारू सुटत नाही, त्याला त्यातून काय मिळणार, हा प्रश्न उरतोच. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये ‘सराईत मद्यपी’ असलेल्याचा परवाना काढून घेण्याचा अधिकारही आहे. म्हणजे सवयीचा मद्यपी आणि एकदा चुकलेला माणूस यांतला फरक कायद्याला ठाऊक आहे. तो फरक फक्त परवाना काढून घेण्यापुरता वापरला जातो, उपचार ठरवण्यासाठी नाही.

यंत्रावरचा आकडा काय सांगतो?

सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने ६० मिलिलिटरचा एक पेग रिकाम्या पोटी घेतला, तरी रक्तातील प्रमाण ढोबळमानाने ४० मिलिग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे ‘एकच घेतली’ हे खरे असले तरी चालक मर्यादेबाहेर असू शकतो. १८० मिलिलिटरची क्वार्टर संपवली तर आकडा सव्वाशेच्या आसपास पोहोचतो. शरीर तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम निकाली काढते. ताक, लिंबू किंवा थंड पाण्याच्या आंघोळीने हा वेग वाढत नाही. क्वार्टर घेतल्यावर मर्यादेखाली यायला पाच-सहा तास लागतात. मध्यरात्रीपर्यंत पिऊन पहाटे बाजार समितीकडे निघालेला चालक म्हणूनच सकाळी सहालाही पकडला जाऊ शकतो, आणि त्याला त्याचे खरोखर आश्चर्य वाटते.

पण आकड्यापेक्षा आकडा आणि माणूस यांचा मेळ जास्त बोलका असतो. १९० वर सामान्य माणूस अडखळतो, बरळतो. त्या प्रमाणात जो सरळ चालतो त्याला गावात ‘पचवणारा’ म्हणतात. वैद्यकशास्त्र त्याला शरीर सरावले असे म्हणते, आणि हे अवलंबित्वाच्या ठळक खुणांपैकी एक आहे. मेंदू सरावला तरी अचानक समोर आलेल्या बैलगाडीला ब्रेक लावण्याचा वेळ पूर्ववत होत नाही. म्हणजे नाकाबंदीवर जो कमी धोकादायक दिसतो, त्यालाच उपचाराची जास्त गरज असण्याची शक्यता असते.

कोणाला किती उपचार, हे कसे ठरते?

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी यासाठी जगभर वापरली जाते. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, एकदा सुरू केल्यावर थांबता येत नाही असे होते का, सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का, पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्याला इजा झाली का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी काळजी व्यक्त केली का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न असतात. गुण शून्य ते ४०. सातपर्यंत फक्त माहिती द्यायची. ८ ते १५ ला साधा सल्ला. १६ ते १९ ला समुपदेशन आणि पाठपुरावा. २० च्या पुढे तज्ज्ञाकडे पाठवायचे. चाचणीला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि ती परिचारिका किंवा समुपदेशकही घेऊ शकतात. एक मोठी अडचण मात्र आहे. पोलिसांसमोर या प्रश्नांची खरी उत्तरे कोणी देणार नाही. ती दवाखान्यात, गुप्ततेची हमी देऊनच विचारावी लागतात.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे अल्प हस्तक्षेप. दहा-पंधरा मिनिटांचे बोलणे : तुमचे पिणे कुठल्या पातळीवर आहे, त्याचा धोका काय, पुढच्या लग्नाला जाताना गाडी कोण चालवणार. धानोऱ्याच्या तरुणासाठी बहुधा एवढे पुरे. त्याला महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवणे म्हणजे पैशांचा अपव्यय, शिवाय नको तो शिक्का.

दुसरी पायरी बाह्यरुग्ण उपचाराची. आठवड्या-पंधरवड्याला समुपदेशन, गरज असल्यास औषधे. पिण्याची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे मानसोपचारतज्ज्ञ देतात. यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून निवड होते. काम सुरू ठेवून हा उपचार घेता येतो, म्हणून शेतकरी-मजुराला तो सर्वांत परवडतो. त्याच्या पुढची पायरी दिवसभर केंद्रात येऊन संध्याकाळी घरी जाण्याची. परदेशात ती सर्रास आहे. आपल्याकडे तालुक्यात ती जवळजवळ नसल्यातच जमा.

चौथी पायरी निवासी केंद्राची. पुण्याचे ‘मुक्तांगण’ डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. तिथला निवासी कार्यक्रम ३५ दिवसांचा आहे. केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात ती एकात्मिक पुनर्वसन केंद्रेही याच पायरीवर येतात. बाह्यरुग्ण उपचार जमला नाही, घरातच पिण्याचे वातावरण आहे, किंवा अनेकदा सुटून पुन्हा लागली आहे, अशांसाठी ही सोय. आणि शेवटची, रुग्णालयात दाखल करून शरीरातून दारू उतरवण्याची. ती शेवटची असली तरी अनेकांच्या बाबतीत तिथूनच सुरुवात करावी लागते.

सगळ्या पायऱ्यांना जोडणारा भाग पाठपुराव्याचा, आणि नेमका तोच गळतो. केंद्रातून आल्यावर पहिले काही महिने सर्वांत निसरडे असतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारखे स्वमदत गट इथे कामी येतात. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन आहे.

एकदम बंद केली तर?

वऱ्हाडात दारू सोडण्याची जुनी वाट माळ घालण्याची आहे. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांच्या जिल्ह्यात कीर्तनातून, भजनातून व्यसन सुटलेली घरे कमी नाहीत, आणि त्या वाटेची थट्टा करण्याचे कारण नाही. पण जो रोज आणि भरपूर पितो, सकाळी हात थरथरतात म्हणून पहिला घोट घेतो, त्याने एका दिवसात दारू तोडणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत कंप, घाम, बेचैनी सुरू होते. सहा ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे, किडे दिसतात, ताप चढतो, ओळख हरवते. उपचार नसेल तर यात मृत्यू होतो. गावात याला कोणी ‘बाहेरचं’ समजून मांत्रिकाकडे नेते, कोणी ‘उतारा’ म्हणून पुन्हा दारू पाजते. रुग्णालयात शामक औषधे आणि थायामिन हे जीवनसत्त्व देऊन हे दिवस सुरक्षित काढता येतात.

नाकाबंदीशी याचा थेट संबंध आहे. कलम १८५ खाली अटक झालेल्याची दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी करावी लागते, नाही तर त्याला सोडावे लागते. ही तपासणी पुराव्यासाठी असते. रक्त घेताना हात स्पिरिटने पुसायचा नाही, बाटली मोहोरबंद करायची, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, एवढे होते. त्याच वेळी डॉक्टरने ‘रोज पिता का, सोडल्यावर कधी झटका आला का’ एवढे दोन प्रश्न विचारले, तर कोठडीतील रात्र कोणासाठी धोक्याची आहे हे तिथेच कळेल. त्यासाठी नवा कायदा किंवा नवा निधी लागत नाही.

उपचारातील औषधांबाबत चालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची. दारू उतरवण्याच्या काळात दिली जाणारी शामक औषधे झोप आणतात. ती सुरू असेपर्यंत ट्रॅक्टर असो वा दुचाकी, चालवायची नाही.

चहातून गोळी देणे योग्य का?

या विषयावर घराघरांत सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत दबक्या आवाजातला प्रश्न हाच. औषधाच्या दुकानातून कोणीतरी आणलेली गोळी नवऱ्याच्या चहात, भाजीत न सांगता मिसळायची. ही गोळी बहुधा डायसल्फिरामची असते. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असेल किंवा दारू जास्त झाली तर जीवही जाऊ शकतो. डॉक्टर ही गोळी रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. आपण प्यायलो तर काय होईल हे माहीत असणे हाच तिचा आधार आहे. न सांगता दिलेली गोळी घेऊन तो माणूस संध्याकाळी बारमधून दुचाकीवर निघाला, तर त्रास रस्त्यातच सुरू होईल. बायकोने हे हताश होऊन केलेले असते, म्हणून तिला बोल लावून उपयोग नाही. तिला नवऱ्याशिवाय एकटीला समुपदेशकाकडे जाता येते, हे सांगणे जास्त उपयोगाचे.

इतरत्र न्यायालये काय करतात?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मद्यपी चालकाला शिक्षा सुनावण्यापूर्वी व्यसन मूल्यमापन करावेच लागते. मूल्यमापक त्याला किमान, मध्यम, लक्षणीय किंवा उच्च जोखमीत टाकतो. त्यासाठी केवळ त्याच्या उत्तरांवर विसंबत नाहीत. श्वासातील आकडा, आधीचे गुन्हे आणि अवलंबित्वाची लक्षणे एकत्र पाहिली जातात. किमान जोखमीला १० तासांचे प्रबोधन. मध्यम जोखमीला त्यावर १२ तासांचा प्राथमिक हस्तक्षेप. लक्षणीय जोखमीला प्रबोधनासह २० तासांचे उपचार, आणि उच्च जोखमीला ७५ तासांचे उपचार व नंतरचा पाठपुरावा. जर्मनीत रक्तातील मद्यांश हजारी १.६ किंवा त्याहून अधिक सापडला, तर वैद्यकीय-मानसशास्त्रीय चाचणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय परवाना परत मिळत नाही.

याचा फायदा किती? अवास्तव आशा नको. अशा कार्यक्रमांवरील २१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुन्हा पकडले जाण्याचे प्रमाण सरासरी आठ-नऊ टक्क्यांनीच घटल्याचे दिसले; प्रबोधन, समुपदेशन आणि पाठपुरावा एकत्र दिल्यास परिणाम अधिक होता. आकडा छोटा आहे. पण तो केवळ दंडाला पर्याय म्हणून मिळालेला नाही, शिक्षेच्या वर मिळालेला आहे.

आपल्या न्यायालयांच्या हाती काहीच नाही?

थोडे आहे, वापर कमी. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३९ नुसार सेवनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनीला न्यायालय त्याच्या संमतीने, शिक्षेऐवजी, सरकारमान्य रुग्णालयात उपचारासाठी सोडू शकते. म्हणजे गांजा ओढणाऱ्याला कायदा दवाखान्याचे दार दाखवतो. दारू पिऊन ट्रॅक्टर चालवणाऱ्यासाठी कलम १८५ मध्ये असे दार नाही. मात्र १९५८ च्या गुन्हेगार परिविक्षा कायद्यात देखरेखीखाली सोडताना मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट बंधपत्रात घालता येते, असे स्पष्ट लिहिलेले आहे. ही सवलत सरसकट देता येणार नाही. बेदरकार चालवून जीव घेणाऱ्या चालकांना परिविक्षेचा लाभ देऊ नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंग प्रकरणात घेतली आहे. पण जिथे कोणी दगावले नाही, जिथे चालक पहिल्यांदा सापडला, तिथे वाव उरतो.

मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात दोन अभियंत्यांचा मृत्यू झाल्यावर बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला दिलेल्या जामिनाची ‘३०० शब्दांचा निबंध’ म्हणून देशभर चेष्टा झाली, आणि काही दिवसांत तो आदेश बदलावा लागला. त्याच आदेशात दारू सोडण्यासाठी डॉक्टरांची मदत आणि समुपदेशन घ्यावे अशीही अट होती, हे मागे पडले. उपचाराची अट शिक्षेची जागा घेते असे दिसले की लोकांचा संताप उपचारावरही निघतो. शिक्षेसोबत उपचार, असा क्रम असता तर चर्चा कदाचित वेगळी झाली असती.

हैदराबादच्या वाहतूक पोलिसांनी याहून साधी वाट धरली. पकडलेल्या चालकाला न्यायालयात हजर होण्याआधी कुटुंबातील एखाद्या सदस्यासह समुपदेशनाला बोलावले जाते. पायऱ्यांच्या भाषेत ही केवळ पहिली पायरी. पण बायको किंवा वडील शेजारी बसलेले असताना ‘कधीकधीच घेतो’ हे वाक्य फार वेळ टिकत नाही.

तालुक्यातल्या माणसाने कुठे जायचे?

सुरुवात ग्रामीण रुग्णालयातून करता येते. तिथला वैद्यकीय अधिकारी चाचणी आणि सल्ला देऊ शकतो, पुढे पाठवण्याची चिठ्ठीही. मानसोपचारासाठी अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले इर्विन. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकांवर फोन करून जवळच्या केंद्राची माहिती मिळते. फोन घरच्या कोणीही करू शकतो.

खासगी निवासी केंद्र निवडताना नोंदणी विचारावी. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. त्यामुळे रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणे, कोंडणे, मारणे हे उपचार ठरत नाहीत. डॉक्टर कोण, किती वेळा येतो, पहिल्या आठवड्यात झटका आला तर कोणत्या रुग्णालयात नेणार, घरच्यांना भेटू देतात का, एवढे विचारले तरी बरेच काही कळते.

गरज आणि उपचार यांतली दरी किती मोठी आहे, हे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या पाहणीत दिसते. देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार घेतलेला १८० पैकी एक. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ अभियानाने तालुका पातळीवर व्यसन उपचार क्लिनिक आणि गावांत शिबिरे घेतली. माणसाला शंभर किलोमीटरवर बोलावण्याऐवजी उपचार त्याच्याजवळ नेण्याचा हा प्रयोग विदर्भातलाच आहे. अमरावती जिल्ह्यात तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्याचा एक ठरलेला दिवस मिळाला, तरी मंगरूळच्या ट्रॅक्टरवाल्याला अमरावतीची खेप आणि एका दिवसाची मजुरी वाचेल. परवाना परत घ्यायला तीन महिन्यांनी त्याला परिवहन कार्यालयात जावेच लागणार आहे. तोवर तेरा आठवडे हातात असतात.